सुकटीच्या डब्यातली चांदी

पाटल्या देईन, पण आधी तुमची ती चांदी बाजारात चालते का ते मला दाखवा, असं जयमाला बोलून गेली आणि मग आठवडाभर स्वतःच्याच जिभेला दोष देत बसली. बत्तीस वर्षं तुर्भ्याच्या केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून काढलेल्या माणसाला असलं काही सुचवायचं नसतं. दर तीन महिन्यांनी खोटा भोंगा वाजवून चारशे कामगारांना उन्हात उभं करणारा तिचा नवरा, जयप्रकाश घरत, हे ऐकून असा खुलला की रविवार त्याने तिथल्या तिथे नक्की करून टाकला. मॉक ड्रिल! कोपरखैरण्याच्या घरात, सकाळी नऊ ते दुपारी तीन, जग बुडालंय असं धरून चालायचं. नोटा बंद, फोन बंद, कार्ड बंद. जे काही घ्यायचं ते चांदी देऊन.

जग बुडण्याची ही धास्ती काही त्याला पहिल्यापासून नव्हती. दोन वर्षांपूर्वी पतपेढीच्या शटरला एका सकाळी कुलूप दिसलं आणि त्याची ग्रॅच्युइटी, फंड, सगळं त्या शटरच्या आत राहिलं. त्यानंतर मोबाइलमधल्या कुठल्याशा माणसाने त्याला पटवून दिलं की रुपया म्हणजे छापील कागद. लोकांचा भरवसा उडाला की त्याची रद्दी होते, आणि मागे उरतं ते फक्त सोनं आणि चांदी. मग पेन्शनीतून वाचवून त्याने दहा-दहा ग्रॅमचे चांदीचे चौकोनी तुकडे जमवायला घेतले. आधी सेक्टरमधल्या सोनाराकडून, पुढे स्वस्त पडतात म्हणून त्या मोबाइलवाल्याकडून घरपोच. आता त्याची नजर पाटल्यांवर आली होती. चार तोळ्यांची पाटली दूधवाल्यापुढे धरलीस तर तो सुटे कुठून देईल, असा त्याचा बिनतोड सवाल होता. पाटल्या वितळवून अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमचे मणी करायचे, सोमवारची वेळसुद्धा त्याने सोनाराकडून घेऊन ठेवली होती.

त्या पाटल्या जयमालाने अकरा वर्षं सेक्टरातल्या बायकांचे ब्लाउज शिवून केल्या होत्या. पण खरं सांगायचं तर तिचा जीव पाटल्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी तुटत होता. म्हणून तिने अटीला आणखी एक शेपूट जोडलं होतं.

"एका घरात कसला बाजार भरवताय? मी तुम्हाला विकणार आणि तुम्ही मला? दोन घरं पाहिजेत. हिरामण भाऊजींना बोलवा जासईहून."

तिसऱ्या दिवशी जयप्रकाश दाढी करता करता आरशाकडे बघून म्हणाला, "बोलव तू. मी फोन करणार नाही."

कारण पतपेढीचं नाव हिरामणने सुचवलं होतं. धाकटा भाऊ, जासईच्या घरी ओट्यावर बसून छातीवर हात ठेवून म्हणाला होता, दादा, मी सांगतो ना, बिनधास्त ठेव. तेव्हापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. आत्या गेली तेव्हासुद्धा एकाच मांडवाच्या दोन टोकांना उभे राहिले आणि दोन वेगवेगळ्या गाड्यांनी परतले. जयमालाला त्या दिवशी आत्यापेक्षा या दोघांसाठीच जास्त रडू आलं होतं.

रविवारी सकाळी फ्रिजवर नियमांचा कागद लागला. उधारी नाही. फुकट द्यायचं नाही, फुकट घ्यायचं नाही. भाव दोघांच्या संमतीने.

"पप्पा, सिरियसली?" त्यांची मुलगी ईश्वरी ब्रश तोंडात ठेवूनच कागद वाचत होती. "म्हणजे मम्मीचा चहापण विकत?"

"विकत. आणि फोन इकडे दे."

फोन जमा झाल्यावर जयप्रकाश स्टूल घेऊन माळ्यावर चढला. चांदी कुठे ठेवलीय हे त्याने इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. खाली आला तो सुकटीचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन, ज्यात जयमाला बोंबील, जवळा, वाकट्या भरून ठेवायची. त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून एक फडकं काढलं.

"अहो!" जयमालाने कपाळाला हात लावला. "सुकटीत?"

"चोर कुठेही हात घालेल, इथे घालणार नाही. सहा महिन्यांत तुझ्याही लक्षात आलं नाही की नाही?"

फडकं सोडलं तेव्हा खोलीभर वास सुटला आणि ईश्वरी खिडकीकडे पळाली. जयप्रकाशचा चेहरा मात्र पडला. निम्मे तुकडे काळे ठिक्कर पडले होते. निम्मे लख्ख होते. त्याने काळा तुकडा लुंगीला घासून पाहिला, पुटपुटला, "यातच काहीतरी खोट असणार," आणि काळे सगळे एका वाटीत बाजूला ठेवून दिले. लख्ख तुकडे साबणाने धुऊन टेबलावर ओळीने मांडले. बाजार सुरू झाला.

पहिलं गिऱ्हाईक ईश्वरी होती. जयमालाला चहाचा भावच सांगता येईना. इतक्या वर्षांत हजारो कप ओतले होते, कुणी कधी विचारलं नव्हतं. शेवटी तिने एक तुकडा मागितला.

"दहा ग्रॅम? एका कपाला?" जयप्रकाश उडालाच. "लूट आहे ही."

"जग बुडालंय ना? मग दूध कुठून आणलं मी, ते विचारा की आधी."

ईश्वरी हसून हसून दमली. अखेर पत्रा कापायच्या कातरीने एका तुकड्याचे चार भाग झाले आणि तिघांनी चहा प्यायला. जयप्रकाशने आपला पाव तुकडा इतक्या गंभीरपणे ओट्यावर ठेवला की जयमालाला त्याची दया आली आणि थोडा रागही आला. हा माणूस पूर्वी भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायलाही लाजायचा.

साडेदहाला हिरामण आणि त्याची बायको गोजरा आले. गोजरा उरणच्या बाजारात मासळी विकायची. हातातल्या पिशवीत दोन पापलेटं होती, कोळंबी होती, आणि फ्रिजवरचा कागद वाचायच्या आत तिने चिंच आणि खोबऱ्याची वाटी जयमालाच्या हातात दिलीसुद्धा.

"गोजरा, नियम!" जयप्रकाश म्हणाला. "फुकट नाही."

"मंग पानी तरी द्याल का दादा, उन्हातनं आलो?"

"एका ग्लासला पाव तुकडा. पाणी माझं आहे, पिंप मी भरलेत."

गोजरा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "पान्याचे पैसे? जासईला या एकदा, हंडा भरून डोक्यावर देते." मग हसली आणि कोळंबीचा वाटा त्याच्यापुढे ठेवला. "ही घ्या. आमच्या सासूच्या येलेला भात घेऊन मासली देत होतो, तसं समजा."

हिरामण यातलं काही बोलत नव्हता. चपला काढून तो दाराजवळच्या खुर्चीवर अगदी कडेला बसला होता. पूर्वी हाच माणूस या घरात आला की थेट पंख्याखाली लवंडायचा. त्याचे केस बरेच पिकले होते. जयमालाने गोजराकडे पाहिलं तर तिच्या गळ्यात नुसता काळ्या मण्यांचा दोरा होता, पूर्वीचं जाड गंठण दिसत नव्हतं. विचारावं असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यात ईश्वरी त्या दोघांना, चांदी सहा महिने सुकटीत होती आणि काळी पडलेली पप्पांनी वाटीत बाजूला काढली, हे हसत हसत सांगू लागली आणि पापलेटाचा सौदा सुरू झाला.

गोजराने चार तुकडे मागितले. जयप्रकाशने दोन सांगितले. बाजारात आयुष्य काढलेल्या बाईपुढे त्याचा काय टिकाव लागणार, तीनवर तुटलं. त्याने लख्ख तुकड्यांतले तीन निवडून घेतले, पण गोजराच्या हातात न देता टेबलावरून हिरामणकडे सरकवले. दोन वर्षांत त्याने भावाकडे सरकवलेली ही पहिली वस्तू होती.

हिरामण उठून टेबलाशी आला, एक तुकडा उचलून त्याने उजेडाकडे धरला. "उद्या खरंच काय नाय राहिलं, तर मी हा घेऊन पुढच्याकडं जानार. त्याला कसं कलनार, खरी हाय का?"

"चांदीला कुणाच्या भरवशाची गरज लागत नाही. तोच तर फायदा आहे तिचा."

"पन खरी हाय ना?"

"मी सांगतो ना!" जयप्रकाश एकदम चढ्या आवाजात म्हणाला.

आणि मग त्याचं त्यालाच कळलं की आपण कोणते शब्द वापरले. ईश्वरीने मान खाली घातली. जयमाला ओट्याशी उभी होती, तिला वाटलं आता हिरामण उठून जाणार. हिरामण नुसता भावाकडे बघत होता. मग त्याने तिन्ही तुकडे शर्टाच्या खिशात टाकले.

"मंग झालं," तो म्हणाला.

मासे स्वयंपाकघरात आले. गोजरा पापलेटाच्या कापा करू लागली आणि जयमाला वाटण वाटायला बसली. बाहेर ईश्वरी दोघा भावांना पत्ते खेळायला बसवत होती. हरणाऱ्याने चांदी द्यायची की नाही यावर जयप्रकाश नियम शोधत होता. गोजराने नळ मोठा सोडला आणि आवाज बारीक केला.

"ताई, सांगू का? रागवू नका. दादांनी दिलेले तिन्ही तुकडे खोटे हायत."

"काय?"

गोजराने ओला हात पुढे केला. बोटात चांदीची अंगठी होती, काळपट पडलेली. "दर सीझनला सुकट भरते ना मी, ही काली होतेच. खरी चांदी सुकटीत काली पडनारच. सहा महिनं राहून लख्ख निघाली ती चांदी नाय. ती काली वाटी बाजूला काढलीय ना त्यांनी, तीच खरी."

जयमालाचा हात वाटणात तसाच राहिला. "मग घेतलीस कशाला? पापलेटं दिलीस ना तू!"

"मी बोलनारच होते. आमच्या अंकुरच्या पप्पांनी डोले मोठे केले. राहू दे, बोलले, दादाचा चेहरा बग." गोजराने कापा धुतल्या. "खरंच बगा. किती दिवसांनी हसतायत."

जयमालाने दारातून पाहिलं. जयप्रकाश पत्ते पिसत होता आणि ईश्वरीच्या कुठल्यातरी बोलण्यावर हसत होता, मोठ्याने, मागे रेलून. हे हसणं तिने दोन वर्षं ऐकलं नव्हतं. रात्र रात्र जागा राहणारा, पेपरवाल्याकडेही संशयाने बघणारा तिचा नवरा अर्ध्या दिवसापुरता परत आला होता. आता जाऊन सांगायचं की तुम्हाला दुसऱ्यांदा फसवलं? आणि तेही हिरामणसमोर? न सांगावं तर ड्रिल पास, आणि उद्या सकाळी पाटल्या सोनाराच्या मुशीत. मनातल्या मनात तिने दोन्ही पारडी तोलून पाहिली आणि गॅस पेटवला.

"राहू दे," ती गोजराला म्हणाली. "आधी जेवू दे सगळ्यांना."

जेवणाचा दर माणशी एक तुकडा ठरला. कालवणाचा वास सुटल्यावर कुणी घासाघीस केली नाही. हिरामणने खिशातून दोघांचे दोन तुकडे काढून जयमालाच्या हातावर ठेवले, तेव्हा त्याने तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिला ठाऊक झालंय हे त्याला कळलं होतं. पहिला घास घेऊन जयप्रकाश काही वेळ नुसता चावत राहिला.

"जासईचं कालवण," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, असंच. मग हिरामणकडे पाण्याचा ग्लास सरकवला आणि पाव तुकडा मागायला विसरला. ईश्वरीने आईला डोळा घातला.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा त्याने डाव्या हाताने टेबलावर टिचकी मारली. कंपनीत ड्रिल संपल्यावर करायचा तसंच भाषण त्याने सुरू केलं.

"तर. सकाळपासून या घरात एक रुपया वापरला नाही. चहा झाला, पाणी झालं, मासळी आली, जेवण झालं. कुणाचं अडलं? कुणाचं नाही. चांदी चालली." मग बायकोकडे वळून त्याचा आवाज उतरला. "जयमाला, तू शब्द दिला होतास. मला हौस नाही गं तुझ्या हातातलं काढायची. पण पुन्हा कुठल्या शटरपुढे उभं राहायची ताकद माझ्यात नाही. तुला आणि पोरीला घेऊन तर नाहीच नाही."

हे शेवटचं तो इतकं मनापासून बोलला की जयमालाचे डोळे भरून आले. एवढी भीती पोटात घेऊन हा माणूस शेजारी झोपत होता, आणि आपण त्याला चक्रम म्हणत होतो. तिने डाव्या हाताने उजव्या मनगटातली पाटली पुढे ओढली. सोन्याचं काय, पुन्हा शिवू ब्लाउज. पाटली अंगठ्यापाशी जराशी अडली.

"वैनी, थांबा," हिरामण म्हणाला.

जयप्रकाशने मान वर केली. "तू मध्ये पडू नकोस."

"पडनार. दादा, पाटल्या नको घेऊस. तुझी ही चांदी खोटी हाय."

जयप्रकाशचे कान लाल झाले. "तू सांगणार मला? तू? काय खरं आणि काय खोटं?"

"हां, मीच. गेल्या येलेला न बगता बोललो नि तुझा घात केला. आज बगूनशान गप बसलो तर पुन्हा घातच करीन. दोनदा नाय करायचा मना."

"काय पुरावा आहे?"

गोजराने अंगठीचा हात ताटावरून पुढे धरला. "सुकटीनं काली झालीय, दादा."

एवढंच ती म्हणाली, आणि केमिकल कंपनीतल्या माणसाला तेवढंच पुरलं. जयमाला त्याच्याकडेच बघत होती. त्याची नजर अंगठीवरून काळ्या वाटीकडे गेली, तिथून लख्ख ओळीकडे.

"सल्फर," तो हळूच म्हणाला. "बत्तीस वर्षं... आणि मी खरी ती बाजूला काढून ठेवली."

कुणी हसलं नाही. ईश्वरी उठली आणि वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवले. मोबाइलवाल्याचं नाव कुणी काढलं नाही, स्वस्तात मिळालं होतं हेही कुणी बोललं नाही. जयमालाला भीती वाटली ती पुढच्या क्षणाची. गेल्या दोन वर्षांत असं काही झालं की जयप्रकाश उठून आतल्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा; मग दिवसभर ते दार उघडायचं नाही. तिने पाटली मागे सारली आणि त्याच्या ताटात भात वाढला, त्याला बसायला काहीतरी कारण मिळावं म्हणून.

तो उठला नाही. भाताकडे बघत म्हणाला, "तुला केव्हा कळलं?"

"हातात घेतली तवाच," हिरामण म्हणाला. "गोजरीनं कोपर मारलान मना."

"आणि तरी घेतलीस. पापलेटं देऊन."

"तू बोललास ना, मी सांगतो म्हनून."

"खोटी आहे हे ठाऊक असून?"

"तू खोटं नव्हतास ना बोलत. तुला खरीच वाटत होती." हिरामणने बोटांनी ताटाची कड पुसली. "मना पन तवा खरीच वाटली होती पतपेढी."

जयप्रकाशने डोळे मिटून घेतले. मग डोळे उघडून त्याने भावाकडे नीट पाहिलं, पिकलेल्या केसांकडे, उसवलेल्या कॉलरकडे, आणि बोलला तेव्हा जासईच्या बोलीत बोलला. या फ्लॅटमध्ये आल्यापासून ती बोली त्याच्या तोंडून जयमालाने ऐकली नव्हती.

"हिरा, तुजं किती होतं रं त्यात?"

जयमालाच्या हातातला डाव भातातच राहिला. दोन वर्षं तिने नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, माहेरी कळंबोलीला, सगळ्यांना सांगितलं होतं की भावाच्या शब्दावर विसंबून आमचं बुडालं. भावाचं स्वतःचं किती होतं हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या मनातच आलं नव्हतं. शरमेने तिला गोजराकडे बघवेना.

गोजराने पदर तोंडाशी धरला.

"सगलं," तो म्हणाला. "जमिनीचं आलेलं. हिच्या टोपलीचं. अंकुरच्या लग्नाला ठेवलेलं, ते पन. मंग हिचं गंठन गेलं."

"नि माज्याशी बोललास नाय?"

"तू इचारलंस कवा?"

जयप्रकाश उठला. आतल्या खोलीकडे गेला नाही. आपलं अर्धवट जेवलेलं ताट उचलून टेबलाला वळसा घालून आला आणि हिरामणच्या बाजूची खुर्ची ओढून बसला, पूर्वी ओट्यावर बसायचे तसा खांद्याला खांदा लागेल असा.

"आता इचारतंय," तो म्हणाला. "पयल्यापासून सांग."